कानातला बिल्ला आणि त्यामागची नोंद : वाचकांचे प्रश्न

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद झाली. तेव्हापासून या सदराकडे बिल्ल्याबद्दलची पत्रे सतत येत आहेत. त्याबरोबर मांसाची आयात-निर्यात, औषधांचे अंश आणि परदेशातून येणारे गोठवलेले मटण यांविषयीही विचारणा होते. हे सगळे विषय एकाच साखळीतले आहेत, म्हणून या वेळी उत्तरे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आठवडी बाजारातून दुसऱ्या वेताची संकरित गाय घेतली. कानात पिवळा बिल्ला आहे. दवाखान्यात नंबर टाकला तर मालक म्हणून भलत्याच तालुक्यातल्या माणसाचे नाव निघाले. ज्या हेड्याकडून (गुरांच्या दलालाकडून) गाय घेतली त्याचे नाव नोंदीत कुठेच नाही. गाय चोरीची तर नसेल? जुना बिल्ला काढून नवा मारून घेतला तर चालेल का?
(दूध उत्पादक, सोलापूर जिल्हा)

नवा बिल्ला मुळीच मारू नका. चोरीची शक्यता आधी तपासून पाहा, पण बहुतेक वेळा भानगड साधी असते. मूळ शेतकऱ्याने गाय हेड्याला दिली, हेड्याने ती एक-दोन बाजार फिरवली आणि मधल्या कोणीच नोंद बदलली नाही. बिल्ला गाईबरोबर तुमच्या दावणीला आला, नोंद मात्र जुन्या गोठ्यातच राहिली. सध्या या व्यवस्थेतली सर्वांत मोठी गळती हीच आहे.

तपासणी अशी करा. ‘भारत पशुधन’ या सरकारी संगणक प्रणालीत त्या १२ अंकी क्रमांकासमोर प्रजाती, जात, लिंग, वय, वेत आणि लसीकरणाच्या तारखा असतात. त्या समोरच्या गाईशी ताडून पाहा. नोंदीत चौथे वेत असेल आणि दात-शिंगे दुसरे वेत सांगत असतील, किंवा नोंदीत म्हैस असेल आणि पुढ्यात गाय, तर बिल्ला दुसऱ्या जनावराचा आहे. मग बिल्ल्याची दांडीही पाहा. ही दांडी एकदा अडकली की न कापता निघत नाही. ती कापलेली, वितळवून जोडलेली किंवा डिंकाने चिकटवलेली दिसली तर नोंद बदलण्याच्या भानगडीत पडू नका, पोलीस ठाण्यात जा.

वर्णन जुळत असेल तर काम सोपे आहे. बाजार समितीची सौदा पावती, ग्रामपंचायतीचा विक्रीचा दाखला, तुमची ओळखपत्रे आणि मूळ मालकाचा मोबाइल नंबर घेऊन तुमच्या गावाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. शासनाच्या सूचनेप्रमाणे विक्रीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला असायला हवा. तो नसेल तर आधी दाखला दुरुस्त करून घ्या. मालकी बदलाची नोंद करून घेण्याची जबाबदारी पशुपालकाची आहे. डॉक्टरांनी आपणहून ती करावी अशी वाट पाहिली तर ती होत नाही.

नवा बिल्ला का नको? जुन्या क्रमांकाखाली लाळ्या खुरकुताच्या (तोंडाच्या आणि खुरांच्या साथीच्या रोगाच्या) लशी, कृत्रिम रेतन, गाभण तपासणी असा सगळा इतिहास आहे. नव्या क्रमांकाची पाटी कोरी. शिवाय जुना क्रमांक पहिल्या मालकाच्या नावावर ‘जिवंत’च राहतो. म्हणजे कागदावर दोन गाई आणि दावणीला एक. उद्या त्या भागात साथ आली तर कोणाच्या गोठ्यात किती जनावरे याचा हिशेबच चुकतो.

पुढच्या खरेदीला एवढे करा : पैसे देण्याआधी मोबाइलवर बिल्ल्याचा स्पष्ट फोटो काढा, दवाखान्यात किंवा ‘१९६२’ ॲपवर क्रमांक टाकून पाहा, आणि विकणारा हाच नोंदीतला मालक आहे का ते विचारा. ‘बिल्ला आहे ना, मग झालं’ असे बाजारात सर्रास ऐकू येते. बिल्ला प्लास्टिकचा असतो. त्याच्यामागची नोंद जुळली नाही तर त्याची किंमत प्लास्टिकएवढीच.

प्रश्न : १२ अंकांवरून गाव किंवा जात ओळखता येते का? आणि प्लास्टिकच्या बिल्ल्याऐवजी सरकार चिप का बसवत नाही?
(कृषी पदविका विद्यार्थी, परभणी)

अंकांवरून गाव, जात, वय यांतले काही कळत नाही. ते सारे प्रणालीतल्या नोंदीत असते. अंक म्हणजे फक्त किल्ली.

चिपचे म्हणाल तर जनावरांसाठीच्या रेडिओ चिपचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिचा क्रमांक १५ अंकी असतो आणि ती १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाते. फायदा असा की जनावर खोड्यातून पुढे सरकता सरकता वाचन होते, माणसाने अंक उतरवताना होणारी चूक टळते. ऑस्ट्रेलियात गाईबैलांना असे बिल्ले बरीच वर्षे आहेत, आणि १ जानेवारी २०२५ पासून तिथे नव्याने जन्मणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांनाही ते सक्तीचे झाले. पण चिप वाचायला वाचनयंत्र लागते आणि ते थोड्या अंतरावरूनच वाचते. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आणि एक वगार आहे, त्याच्या गोठ्यात छापील अंक आणि बारकोड पुरतात. आपल्याकडची अडचण अंक वाचण्याची नाहीच. जनावर हातोहात फिरते तेव्हा कोणी नोंद करत नाही, ही आहे. चिपने ती सुटत नाही.

प्रश्न : बिल्ला मारल्यावर आठ दिवसांत कालवडीचा कान सुजला, जखमेत किडे पडले. शेजाऱ्याच्या म्हशीचा तर कानच फाटून बिल्ला पडला. मारणाऱ्याची चूक की बिल्ल्याची?
(पशुपालक, कोल्हापूर जिल्हा)

बहुतेक वेळा जागेची चूक असते आणि उरलेल्या वेळी हंगामाची.

कानाच्या आत कूर्चेचे दोन ठळक उंचवटे आणि त्यांच्या बाजूने जाणाऱ्या शिरा हाताला लागतात. बिल्ला त्यांच्या मधल्या सपाट जागेत, कानाच्या साधारण मध्यावर बसला पाहिजे. टोकाकडे बसला तर वजनाने कान लोंबतो आणि गव्हाणीत, कुंपणाच्या तारेत अडकून फाटतो. शेजाऱ्याच्या म्हशीचे हेच झाले असावे. बुडाकडे बसला तर तिथला कान जाड असल्याने दोन्ही चकत्या दाबून बसतात, हवा लागत नाही आणि आत पू होतो. शिरेतून दांडी गेली तर रक्त थांबत नाही.

मारण्याआधी जनावराचे डोके खोड्यात किंवा मोरकीने पक्के बांधा. जनावराने ऐनवेळी मान झटकली की दांडी तिरकी जाते आणि भोक लांबट पडते. कान कापसाने पुसा, पक्कड आणि तिची सुई जंतुनाशकात बुडवा, आणि हे प्रत्येक जनावरामागे करा. एकाच रक्ताळलेल्या पक्कडीने सगळी वाडी उरकली की एका कानातला संसर्ग दुसऱ्या कानात जातो. पक्कड एका दमात दाबायची. नंतर बिल्ला बोटाने फिरवून पाहा, तो मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर वासराचा कान वाढल्यावर तो रुतणार हे नक्की.

पहिला आठवडा रोज आणि पुढे दोन आठवडे एक दिवसाआड कान पाहा. जखम ओली दिसली तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि वरून माश्या पळवणारा फवारा मारा. पावसाळ्यात माश्या अंडी घालायला अशाच जखमा शोधतात. निवड हातात असेल तर वासरांचे टॅगिंग उघडिपीत घ्या.

किडे पडलेच तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेवर काही मिनिटे धरा. किडे वर येतात, ते चिमट्याने एकेक काढा. आत एकही राहू देऊ नका. मग मलम. खोल जखमेला डॉक्टर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात. दुभत्या जनावरात त्यानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

बिल्ला पडून हरवला तर नवा क्रमांक मिळतो, पण तो जुन्या क्रमांकाला जोडून घ्यायचा असतो. प्रणालीत बिल्ला बदलाची वेगळी सोय आहे. ‘नवीन जनावर’ म्हणून नोंद झाली तर पहिल्या प्रश्नात सांगितलेला घोळ इथेही होतो. म्हणून जुना क्रमांक गोठ्याच्या वहीत लिहून ठेवा. पडलेल्या बिल्ल्याबरोबर नंबरही हरवतो, हे तेव्हा लक्षात येते.

प्रश्न : लस टोचायची तर टोचा, तिला बिल्ल्याची काय गरज? आणि लशीने दूध घटते त्याचे काय?
(म्हैसपालक, जळगाव जिल्हा)

दूध एक-दोन दिवस थोडे घटू शकते, ते पूर्ववत होते. लाळ्या खुरकूत होऊन गेलेल्या म्हशीचे मात्र अख्खे वेत बिघडते, कासदाह होतो, गाभ जातो. तोल करून पाहा.

बिल्ल्याचा संबंध असा. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झाला. त्यात लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, आणि ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदा द्यायची असते. कोणत्या वासराला दिली आणि कोणत्या राहिल्या हे बिल्ल्याशिवाय कळत नाही. दिलेल्यालाच पुन्हा दिली तर लस वाया जाते आणि राहिलेले राहूनच जाते.

दुसरा उपयोग साथीत होतो. लाळ्या खुरकुताचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, २ ते १४ दिवसांचा. एखाद्या गावात आज तोंड आलेले जनावर सापडले तर मागच्या १४ दिवसांत ते कुठून आले आणि त्या गोठ्यातून कुठली जनावरे बाहेर गेली, हे शोधावे लागते. नोंदी ताज्या असतील तर तेवढ्याच गावांवर बंदी घालून भागते. नसतील तर पूर्ण जिल्ह्याचे, प्रसंगी राज्याचे बाजार बंद करावे लागतात. २०२२ मध्ये लम्पी ही गुरांच्या त्वचारोगाची साथ आली तेव्हा हेच झाले. राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद झाले, आणि ज्यांच्या गावात एकही लम्पीचे जनावर नव्हते त्यांनाही गुरे विकता आली नाहीत.

युरोपात नियम कडक झाले तेही असेच तडाखे खाऊन. १९९६ मध्ये ब्रिटनने ‘वेड्या गाईचा’ आजार आणि माणसातला मेंदूचा जीवघेणा रोग यांचा संबंध जाहीर केला, आणि आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. तिथे आज वासराला दोन्ही कानांत बिल्ला आणि प्रत्येक स्थलांतराची ठरावीक दिवसांत नोंद सक्तीची आहे. आपल्याकडे बिल्ल्याचे काम बऱ्यापैकी झाले आहे. स्थलांतराची वेळेवर नोंद अजून व्हायची आहे.

प्रश्न : वीज पडून बैल मेला. बिल्ला होता, पण पंचनाम्याच्या आधी लोकांनी मढे पुरले. भरपाई मिळेल?
(शेतकरी, बीड जिल्हा)

कठीण आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये आहेत, मोठ्या जनावरांसाठी तीन नगांच्या मर्यादेत. बिल्ला आणि नोंद नसेल तर राज्यात भरपाई देय नाही. तुमच्याकडे बिल्ला होता, पण तो मेलेल्या बैलाच्याच कानात होता हे कागदावर यायला हवे. मढे पुरण्याआधीचा फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये असेल तर तो आणि साक्षीदारांचे जबाब घेऊन तलाठी आणि पशुधन विकास अधिकारी यांच्याकडे लगेच अर्ज करा.

पुढे कोणावर अशी वेळ आली तर क्रम लक्षात ठेवावा : बिल्ला कानातच ठेवायचा, कापून खिशात टाकायचा नाही. अंक वाचता येतील असा एक फोटो, बिल्ल्यासह पूर्ण जनावराचा एक फोटो, मग कळवणे, पंचनामा, शवविच्छेदन आणि नंतर पुरणे. विम्यालाही हेच लागू आहे, कंपन्यांचा नियमच ‘टॅग नाही तर दावा नाही’ असा असतो.

एक अपवाद सांगतो. जनावर अचानक मेले, पोट फुगले आणि नाका-गुदातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय धरा. असे मढे कोणी फाडायचे नाही, डॉक्टरांनीही नाही. हवा लागली की जंतू बीजाणू धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे रोगट राहते. खोल खड्डा, चुना, आणि दवाखान्याला तातडीने निरोप.

प्रश्न : शेळीला न्यूमोनिया झाला म्हणून दीर्घप्रभावी ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले. आठवड्यात ती बरी झाली. गिऱ्हाईक दारात आहे. विकू का?
(शेळीपालक, सातारा जिल्हा)

पाळायला नेत असेल तर औषधाची तारीख सांगून विका. कापायला नेत असेल तर थांबा. बाटलीवर ‘मांसासाठी प्रतीक्षा काळ’, म्हणजे औषधानंतर किती दिवस जनावर कापायचे नाही ते, छापलेला असतो, या प्रकारच्या अनेक बाटल्यांवर तो २८ दिवस आहे. साध्या इंजेक्शनपेक्षा तो जास्त असतो, कारण औषध टोचल्या जागी साठून तिथून हळूहळू रक्तात उतरते. टोचल्या जागेच्या मांसात ते सर्वाधिक काळ सापडते. शिजवल्याने ते पूर्ण नष्ट होईल अशी खात्री धरता येत नाही.

काही औषधांना प्रतीक्षा काळाचा प्रश्नच नाही, ती द्यायचीच नाहीत. कोलिस्टिनला खाद्य प्राण्यांसाठी जुलै २०१९ पासून देशात बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचाही या यादीत समावेश होतो. निर्यातीच्या नमुन्यात ती अंशमात्र सापडली तरी माल परत येतो.

औषधाची तारीख बिल्ल्याच्या क्रमांकासमोर नोंदवून घेतली तर विकताना वाद उरत नाही. वहीत लिहिली तरी हरकत नाही. लिहिणे महत्त्वाचे.

प्रश्न : आमचे उपाहारगृह आहे. एक पुरवठादार गोठवलेले ऑस्ट्रेलियन मटण देऊ करतो. माल कायदेशीर आणि सुरक्षित आहे हे कसे ओळखायचे? कोणते कागद मागायचे?
(उपाहारगृह चालक, पुणे)

भारत-ऑस्ट्रेलिया करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला, त्यात मेंढीच्या मांसावरचा ३० टक्के आयातकर उठला. असे मांस कायदेशीर मार्गाने येते. त्याच्या नावाखाली दुसरा माल खपवण्याला वाव असतो, म्हणून विचारताय ते बरे केले.

मांस देशात येताना दोन दारे ओलांडते. पहिले पशुसंवर्धन विभागाचे. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली आयातदाराला आरोग्यविषयक आयात परवाना लागतो, आणि तो माल परदेशातून निघण्याआधी हातात असावा लागतो. माल ठरलेल्या बंदर-विमानतळांवरच उतरतो. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद इथे पशु विलगीकरण केंद्रे आहेत. तिथे निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र परवान्यातल्या अटींशी शब्दशः ताडले जाते. प्रमाणपत्रात एखादे कलम राहिले, किंवा त्यावरचा कारखान्याचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, एवढ्यावरून कंटेनर अडकतो. मांस चांगले असून माल अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कागदच. परवाना नसलेला माल आयातदाराच्या खर्चाने परत जातो किंवा नष्ट होतो.

दुसरे दार अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे. माल उतरताना त्याच्या टिकाऊपणाचा किमान ६० टक्के काळ शिल्लक असावा, किंवा मुदत संपायला तीन महिने असावेत, यांपैकी जे कमी असेल ते. नमुन्याचे दोन भाग होतात, एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. पास झाल्यावर ना हरकत प्रमाणपत्र मिळते आणि मग सीमाशुल्क विभाग माल सोडतो.

तुम्ही पुरवठादाराकडे मागायचे ते हे : आयातदाराचा एफएसएसएआय परवाना क्रमांक, त्या खेपेच्या ना हरकत प्रमाणपत्राची प्रत, आणि त्या खेपेचा आयात परवाना. खोक्यावर मूळ देश, कारखान्याचा क्रमांक, कत्तलीची किंवा पॅकिंगची तारीख, मुदत, बॅच आणि आयातदाराच्या नाव-पत्त्याचे न निघणारे लेबल असले पाहिजे. कागदावरची बॅच आणि खोक्यावरची बॅच जुळवा. एकच प्रत वर्षभर सगळ्या खोक्यांना दाखवणारे पुरवठादार असतात.

माल हातात आल्यावर तापमापी लावा, उणे १८ अंश किंवा त्याखाली हवे. खोक्याच्या तळाशी गोठलेल्या लालसर पाण्याचा थर, पिशवीत बर्फाचे मोठे स्फटिक, किंवा तुकडे एकमेकांना घट्ट चिकटून वेडावाकडा झालेला गठ्ठा दिसला तर तो माल वाटेत वितळून पुन्हा गोठवलेला आहे. परत करा. करड्या, कोरड्या डागांनी चव जाते, आरोग्याला धोका नसतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. ऑस्ट्रेलियात मेंढीच्या कानात चिप आहे म्हणून तुमच्या ताटातला तुकडा कोणत्या मेंढीचा हे सांगता येत नाही. कापणी विभागात एका पाळीत अनेक जनावरांचे मांस एकत्र होते. तिथून पुढे माग राहतो तो बॅचचा : अमुक कारखाना, अमुक दिवस, आणि त्या दिवशी आलेले कळप. दोष सापडला तर ती पूर्ण बॅच परत बोलावतात. म्हणून बॅच क्रमांक असलेले खोक्याचे लेबल माल संपेपर्यंत फाडून टाकू नका.

गोमांस मात्र कोणत्याही स्वरूपात भारतात आयात करता येत नाही. त्याचा अंश असलेले पदार्थही नाहीत.

प्रश्न : अमेरिकन कोंबडीच्या तंगड्या भारताने अडवल्या आणि जागतिक व्यापार संघटनेत भारत हरला. बर्ड फ्लूची भीती खोटी होती का?
(कुक्कुटपालक, नाशिक जिल्हा)

भीती खोटी नव्हती, बंदीचा आवाका चुकला. ज्या देशात बर्ड फ्लू असेल त्या पूर्ण देशाचा माल भारत अडवत होता, अगदी सौम्य प्रकारचा विषाणू सापडला तरी. आंतरराष्ट्रीय मानक मात्र तीव्र आणि सौम्य विषाणूत फरक करते आणि रोग एका भागात असेल तर त्या भागापुरती बंदी घाला, असे सांगते. अमेरिकेने २०१२ मध्ये तक्रार केली, २०१४ मध्ये निकाल विरोधात गेला आणि ४ जून २०१५ रोजी अपिलातही तो कायम राहिला. २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हा वाद मिटवला.

कोंबडीवाल्यांनी यातून घ्यायचे ते हे की हाच नियम आपल्या कामी येऊ शकतो. एका जिल्ह्यात बर्ड फ्लू आला तर बाकी राज्याचा माल का अडवता, असे आपणही विचारू शकतो. फक्त बाकीचा भाग रोगमुक्त आहे हे तपासणीच्या नोंदींनी दाखवावे लागते, तोंडी सांगून भागत नाही.

प्रश्न : भारतातून म्हशीचे मांस बिनहाडाचेच का निर्यात होते?
(पशुवैद्यक शाखेचा विद्यार्थी, लातूर)

आपल्याकडे लाळ्या खुरकूत आहे म्हणून. कत्तलीनंतर स्नायूतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल होते, आणि सामू (आम्लतेचे माप, पीएच) ६ च्या खाली गेला की त्या स्नायूतला विषाणू मरतो. हाडातला मगज, लसीकाग्रंथी आणि गोठलेले रक्त यांत हे आम्ल तयार होत नाही, तिथे विषाणू टिकतो. म्हणून मांस २ अंशांपेक्षा जास्त तापमानात किमान २४ तास टांगून ठेवायचे, पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यात सामू मोजायचा, मग हाडे आणि ग्रंथी काढायच्या. नुसते गोठवून विषाणू मरत नाही, उलट जपून राहतो. दूरच्या प्रवासाने दमलेल्या, उपाशी जनावराच्या स्नायूत साखरच उरलेली नसते, सामू खाली येत नाही, मांस काळपट दिसते आणि निर्यातीतून बाद होते. मालमोटारीत सहाहून अधिक गुरे भरायची नाहीत, हा १९७८ च्या वाहतूक नियमांतला आकडा आहे. त्यामागे भूतदया आहेच, पण मांसाच्या दर्जाचाही त्यात संबंध येतो.

प्रश्न : परदेशातून येताना सॉसेजचे पाकीट पिशवीत आणले तर चालते का?
(वाचक, ठाणे)

विमानतळावरच्या सीमाशुल्क फॉर्ममध्ये मांस, मासे, दूध आणि कोंबडीच्या पदार्थांचा वेगळा रकाना आहे. तो खरा भरा आणि पाकीट दाखवा, ठेवायचे की काढून घ्यायचे ते अधिकारी ठरवतील. नजर चुकवून आणलेले आणि नंतर नको झालेले पाकीट उकिरड्यावर किंवा डुकरांच्या खरकट्यात टाकू नका. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची मोठी साथ सुरू झाली ती डुकरांना नीट न उकळता घातलेल्या खरकट्यापासून, आणि त्यापायी तिथे ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू खारवलेल्या आणि गोठवलेल्या डुकराच्या मांसात कित्येक महिने टिकतो. २०२० पासून तो आसाम-अरुणाचलमार्गे भारतात आहे आणि त्यावर औषध नाही. डुकरांना खरकटे घालायचेच असेल तर सारखे ढवळत, निदान अर्धा तास खळखळ उकळून, गार करून घाला.